बसच्या मागचा माणूस

नव्वदच्या दशकात पुण्याहून कानडी मुलखात येऊन मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात चिकटलो. गाडी मागे घेताना वाजणारं यंत्र आम्ही बनवत होतो. मागे भिंत, खांब, माणूस, काहीही आलं की ड्रायव्हरला पीं पीं ऐकू येणार. ड्रायव्हरला मागे बघायची गरजच उरणार नाही, असं मालक म्हणायचे आणि मीही तेच घोकायचो. पंचविशीत अक्कल कमी आणि तोंड मोठं.

यंत्र आधी आमच्याच स्टाफ बसला बसवलं. तिचा क्लीनर बेळगावकडचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला अण्णा म्हणत. बस मागे घेताना तो पाठीमागे उभा राहून 'बर्ली, बर्ली' म्हणत, म्हणजे येऊ द्या म्हणत, पत्र्यावर हलक्या थापा मारायचा. थांबवायचं असलं की एकच जोराची. चाचणीला मी त्यालाच उभं केलं, थंडीमुळे अंगावर घेतलेल्या कांबळ्यासकट. बस मागे आली. यंत्र गप्प. अण्णाने थाप मारली म्हणून वाचला.

"साहेब, हे मला बघतच नाही की हो," म्हणत तो हसला.

यंत्र आवाजाच्या लाटा सोडायचं आणि त्या आपटून परतल्या तरच वाजायचं. लोकरीने त्या गिळून टाकल्या होत्या. मी मालकांना सांगितलं.

"मग कांबळं काढायला सांगा," ते म्हणाले.

अण्णाने निमूट घडी करून ते सीटवर ठेवलं. यंत्र लगेच वाजलं. मी 'पास' लिहून सही केली. कांबळ्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. या सहीने अण्णाची नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं, पण मला माझी टिकवायची होती.

महिन्याभरात त्याला घरी बसवलं. जाताना तो मला नमस्कार करून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढे फाटकाजवळच्या सायकली, चहाची गाडी, येणारीजाणारी माणसं यांच्यामुळे यंत्र सारखं कोकलू लागलं. ड्रायव्हरने वैतागून वायर उपटली. मालकांना कळलं, पण अण्णाला कोणी परत बोलावलं नाही. ड्रायव्हर रोज खिडकीतून मान काढून ओरडायचा, "हिंदे यारिद्दारे?" मागे कोण आहे? उत्तर द्यायला कोणी नसायचं.

एका सकाळी तो चिडून मलाच म्हणाला, उतरा आणि बघा. मी उतरलो, बसच्या मागे गेलो. बस जवळ आली तशी थाप मारली. त्याला ती ऐकूच गेली नाही. दुसरी मी दोन्ही हातांनी मारली, तेव्हा कुठे बस थांबली. अण्णाला घालवून मी त्याच्या जागी उभा होतो, आणि ते काम मला धड येतही नव्हतं.