वीस माणसांचे पाटे

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर दादानं लष्कराची लिलावातली जुनी जीप आणली आणि राणीसावरगाव ते गंगाखेड माणसांची ने-आण करायचं ठरवलं. घरात पहिला वाद झाला तो पाट्यांवरून. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. आमची काळी माती. रस्त्याला अशा चाकोऱ्या पडायच्या की जीपचं पोट चिखलावर टेकायचं आणि चाकं नुसती फिरत राहायची. गाडी उंच करून घेणं भागच होतं.

परभणीच्या मिस्त्रीनं दोन जोड पुढं टाकले. एक बारीक पाट्यांचा, सोबत नवे शॉकॲब्सॉर्बर. दुसरा मोडीतल्या ट्रकचा, जाडजूड. "मान्सं किती बसनार ते सांगा," तो म्हणाला. "जाड घातले तर गाडी भरलेलीच चांगली चालंल. रिकामी लय आदळंल."

वहिनीला सातवा महिना होता. "बारीकच घ्या, अवो," ती म्हणाली. मीही तेच म्हटलं. पण दादा सगळं गाव बोटांवर मोजत होता. "वीस तर कुठं गेले न्हाईत!" म्हणाला आणि ट्रकचे पाटे घातले. शॉकॲब्सॉर्बर त्या उंचीला पुरेनात, ते काढूनच टाकले. टाचा उंच करून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती जीप दारात आली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

वीस माणसं कधी बसलीच नाहीत. आम्ही बौद्ध, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमच्या वस्तीतली माणसं बसायची, मेंढरंवाले कोकरं मांडीवर घेऊन बसायचे. वरच्या आळीतली मात्र एसटीची वाट बघत लिंबाखाली उभी राहायची. गाडी अर्धी रिकामी धावायची आणि आदळायची. दादासारखा व्यवहारी माणूस हे कसं विसरला, याचा मला आजही राग येतो. विसरला नसेल म्हणा. ती बसतील असं त्याला खरंच वाटलं होतं.

वहिनीला आठव्यातच कळा सुटल्या. वस्ती कापूस वेचायला रानात गेलेली. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं, दादानं गाडी काढली. चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. पहिल्याच दणक्याला वहिनी किंचाळली. दुसऱ्या दणक्याला लुगडं रक्तानं भिजलं.

दादानं लिंबाखाली करकचून ब्रेक दाबला. एसटीसाठी माणसं उभीच होती. त्यानं हात जोडले. "बसा. पैसे नकोत, नुसते बसा. वजनानं गाडी दबली पायजे, न्हाईतर ही जगत न्हाई."

कुणी हललं नाही. मग माळवदाच्या, सपाट धाब्याच्या घरातली म्हातारी पुढं झाली. "बघायलाव काय? बसा की!" ती चढली, आणि तिच्यामागं सगळे. पुरुष पायरीवर लोंबकळले. म्हातारीनं वहिनीचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. मी बघतच राहिले. जी बाई आमच्या दारावरून जाताना पदर आवरून घ्यायची, ती वहिनीचे तळवे चोळत होती. पाटे दबले आणि गाडी अलगद निघाली.

गंगाखेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघीही वाचल्या. मी धावत बाहेर आले, ओट्यावर थांबलेल्या म्हातारीला सांगितलं. "बरं झालं माय," ती म्हणाली. डोळे पाणावले होते तिचे.

संध्याकाळी दादा जीप घेऊन स्टँडवर गेला. मीही होते. ती सगळी माणसं एसटीच्या रांगेत उभी होती. "चला, गाडी गावाकडंच चाललीय," मी म्हातारीला म्हणाले.

"एसटी येईल की आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. जसं रोज असतं तसं बोलली. मला रागही येईना, नुसती सुन्न झाले.

दादानं गाडी तशीच गावाकडं काढली. वहिनी घरी आल्यावर तो जीप घेऊन परभणीला गेला आणि ट्रकचे पाटे काढून बारीक घालायला सांगितले.

मिस्त्री चक्रावला. "का वो? मजबूत माल हाय की."

"माल चांगलाच हाय," दादा म्हणाला. "पर तेवढी मान्सं आमच्या गाडीत बसत न्हाईत."