दहा हजार फेऱ्या

माझ्या प्रबंधातला एकच आलेख राहिला होता, आणि मिळालेली शेवटची मुदतवाढ दिवाळीच्या सुट्टीआधी संपत होती. सहा वर्षं फुकट जाणार की नाही, हे बोटभर लांबीच्या एका हिरव्या पट्टीवर ठरणार होतं.

पट्टी म्हणजे कार्बनच्या कापडावर चढवलेला पॉलिअ‍ॅनिलिनचा थर. जात प्लास्टिकचीच, पण यातून वीज वाहते आणि यात साठवताही येते. लोकांना हे सांगितलं की ते "हो का?" म्हणतात आणि भाजीच्या भावावर येतात, म्हणून मी सांगणंच सोडून दिलं होतं. वीज भरली की हा थर किंचित फुगतो, काढून घेतली की आक्रसतो. असं हजारो वेळा झालं की त्याला चिरा पडतात आणि साठवण घटते. माझा थर भरण्या-काढण्याच्या अशा दहा हजार फेऱ्या टिकतो, एवढंच मला दाखवायचं होतं. पण फेऱ्या सलग हव्यात. त्या मोजणारं मशीन दहा-अकरा दिवस अखंड चालतं. मधे खंड पडला की नवी पट्टी घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पनवेलच्या त्या कॉलेजात संशोधन करणारी मी एकटीच उरले होते. मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते. सकाळी खांदा कॉलनीतल्या भाड्याच्या खोलीतून निघायचं, संध्याकाळी परत यायचं, मधल्या वेळात कोणाशी बोलेन तर शपथ. मला एकांत आवडतो, असं मीच मला पटवून ठेवलं होतं.

खंडेनवमीला कॉलेजात यंत्रपूजा असते. सगळे नटूनथटून येतात, फोटो काढतात. मी दरवर्षीप्रमाणे टाळलं आणि दुपारी गर्दी पांगल्यावर उगवले. मशीन बंद होतं. पडदा काळा, वर हळदकुंकवाची बोटं, झेंडूचा हार. सहा हजारांवर फेऱ्या झाल्या होत्या. सगळं मुसळ केरात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेचे शिपाई मामा दाराशी प्रसाद घेऊन उभे होते. जवळच्या गव्हाण गावचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांना मी नाही नाही ते बोलले.

"मॅडम, वरीसभर राबतं ना ते," ते म्हणाले. "एक दिस तरी इसावा नको? आमी घरची अवजारं पण आज नाय उचलत."

"विसावा? माझी सहा वर्षं गेली, मामा!"

"तुमी सांगितला असता, तं मी हात लावला असता काय?"

चाचणी चालू आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मशीनवर साधी चिठ्ठीही लावली नव्हती. त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी येतं, हेच माझ्या गावी नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, पण माफी काही मागितली नाही.

दसऱ्यानंतर नवा थर करायला घेतला. मामांनी न सांगता बर्फ आणून दिला. बर्फात ठेवलेलं मिश्रण आधी निळं, मग गडद हिरवं होत गेलं, तेव्हा ते शेजारी उभं राहून बघत होते. मशीन सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी मी तापाने आडवी झाले. सांधे असे धरले की पाण्याची बाटली उघडवेना.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला.

"मॅडम, दोन हजार सातशे झाला. चालू हाय. कोणाला हात लावू नाय दिला."

मग रोज साडेपाचला, गव्हाणची बस धरण्याआधी, मामांचा फोन. आकडा सांगायचा, ताप विचारायचा, पेज प्यायला सांगायचं आणि ठेवायचा. मी दुपारपासूनच फोन उशाशी घेऊन पडायचे. आकड्यासाठी, असं म्हणायचे.

दहा हजार पूर्ण झाले त्या दिवशी मी धडपडत कॉलेजात गेले आणि मशीन स्वतः बंद केलं. थर टिकला होता. आलेख प्रबंधात गेला, प्रबंध मुदतीत गेला, कॉलेजला सुट्टी लागली. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि हे सांगायला खोलीत भिंती होत्या.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. शेवटी मीच फोन लावला.

"मामा, किती झाले?"

"मॅडम, मशीन तं बंद हाय ना. तुमीच बंद केला."

"हो. विसरलेच."

मागे त्यांच्या घरात चकल्या तळल्याचा आवाज आणि बरीच माणसं.

"चाय घेतला काय?" त्यांनी विचारलं.

"घेतला," मी म्हणाले. घेतला नव्हता.