खालच्याची हाक

केसरीनाथ अंजूर गावचा. वळ गावच्या गोदामात आम्ही दोघांनी बावीस वर्षं जोडीनं माल वाहिला. जिन्यावरून पेटी उतरवताना तो वर, मी खाली. वजन खालच्याच्या अंगावर असतं, म्हणून पेटी टेकली की ‘सोड’ ही हाक खालच्यानंच द्यायची. ती येईपर्यंत वरच्यानं हात काढायचा नाही. बोट चेमटलं तरी नाही. केसरीनाथनं एकदाही काढला नाही.

ते काम सुटल्यावर दर रविवारी दुपारी मी त्याच्या घरी जायचो. त्याच्या मुलीनं, मृणालीनं, पटावरचा एक खेळ आणला होता. बेटावर अडकलेली चार माणसं. लाकूड, पाणी, अन्न मिळवून बारा दिवस काढायचे. एकमेकांना हरवायचं नाही. तरलो तर सगळे, बुडालो तर सगळे. केसरीनाथला हे लगेच पटलं.

पुढं तिनं त्याच खेळाला जोडायचा भुताटकीचा डबा आणला. त्यात मेलेला गडी भूत होऊन बेटावरच राहतो आणि रोज जिवंतांच्या अन्नातला एक वाटा खातो. सगळ्यांनी मिळून त्याची सोंगटी डब्यात ठेवली, की त्याला निरोप. मग उरलेले जिंकू शकतात.

केसरीनाथ निरोप देऊच देईना. म्हणायचा, “आपला माणूस हाय. उपाशी कसा ठेवू?”

सात वेळा हरलो.

त्याची बायको विनिता, आमची चौथी गडी, वैतागायची. “मी मेले तर पाठवा हो मला. यांच्या हातचं रोज कोण जेवणार?”

“मग जेवू नको,” तो म्हणायचा. “वाढणार मीच.”

आषाढात विनिता झोपेतच गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी केसरीनाथनं स्वतः पट मांडला. सोंगट्या चार. विनिताची पिवळी तोच चालवत होता.

खेळातल्या पाचव्या दिवशी पिवळीला तापाचं पान आलं. ती मेली, भूत झाली. तो रोज तिच्यापुढं वाटा ठेवत राहिला. दहाव्या दिवशी जिवंत तिघं आणि वाटे तीनच उरले.

“बाबा,” मृणाली म्हणाली, “आईला आता...” तिनं डबा पुढं सरकवला.

त्यानं पिवळीवर बोट दाबून धरलं होतं. नख पांढरं पडलेलं. ते मला बघवेना.

मी म्हणालो, “सोड.”

बोट उठलं. बावीस वर्षांची सवय ती. मृणालीनं सोंगटी डब्यात ठेवली. बाराव्या दिवशी होडी आली. पहिल्यांदाच जिंकलो.

पट आवरताना केसरीनाथ म्हणाला, “वजन तुझ्यावर न्हवतं.”

“न्हवतं,” मी म्हणालो. तेवढ्या वर्षांत माझी हाक कधी चुकली नव्हती. ही चुकली.

पुढच्या रविवारी गेलो. पट मांडलेला नव्हता. त्यानं चहा आणला. बशी माझ्या हातात नीट बसली, तरी तो सोडेना. आता वजन माझ्या हातावर, म्हणून खाली मीच होतो, हाक माझीच होती. ती मला देववेना.

चहा निवला. आम्ही बशी धरून बसलो.