आजेसासूबाईंचं नाव

मराठी कवितेच्या इभ्रतीची खरी काळजी या शहरात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. शेजारच्या काकूंनी स्वतः आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. पण त्यांच्या नवऱ्याची आजी, म्हणजे काकूंच्या आजेसासूबाई, निजामाच्या काळात पैठणला कविता लिहायच्या. बाईमाणसाच्या हातात लेखणी दिसली की घरात भांडण पेटायचं, म्हणून वही पापडांच्या डब्यात, पापडांच्या खाली. त्या डब्याला घरातले पुरुष हात लावत नसत. ती वही आता काकूंकडे आहे. पाहायची तर आधी साबणाने हात धुवून ते उलटेसुलटे करून दाखवावे लागतात. माझे हात तीनदा नापास झाले आहेत.

वही कुठे न्यायची असली तर रिक्षात तिची पिशवी काकूंच्या शेजारी स्वतंत्र जागेवर बसते. क्रांती चौकात एकदा रिक्षावाला आणखी एक प्रवासी घ्यायला लागला. काकू म्हणाल्या, "यहां नक्को बिठाव भाई, जगा भरेली है."

"कौन बैठे अम्मा?"

"शायरा."

रिक्षावाल्याने आरशातून पिशवीकडे नीट पाहिलं, गाणं बंद केलं आणि पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत नेला.

पैठणपासून फुलंब्रीपर्यंत हळदीला एक गाणं म्हणतात, 'गोदाबाई, सर बाजूला, पलीकडं माझं माहेर'. ते याच वहीतलं. कुठल्याही लग्नात कुणी ते जुनं पारंपरिक गीत म्हणून सुरू केलं की काकू भरल्या ताटावरून उठतात. "पारंपरिक नाय. आमच्या आजेसासूबाईंनी लिवलंय." मग लोक विचारतात, त्यांचं नाव काय? आणि इथे काकूंचं गाडं अडतं. सासरच्या थोरल्या बाईचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. लिहूनही देत नाहीत, कारण लिहिणं म्हणजे घेणंच. वहीवरही नाव नाही. काका होते तोवर काकू नुसतं त्यांच्याकडे पाहायच्या आणि काका सांगायचे. काका गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. हळद खेळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष उभा राहून मी कितीदा ते नाव सांगितलंय, आणि दरवेळी माझी मान काकूंइतकीच ताठ झालीय, हेही सांगून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात एका महिला मंडळाने हळदीच्या गाण्यांचं पुस्तक छापायला घेतलं. मी नेमका गावाला गेलेलो. काकू एकट्याच छापखान्यात धडकल्या, गाण्याखालचं 'पारंपरिक' काढायला लावलं आणि गड जिंकल्यासारख्या परतल्या. मी आलो तेव्हा त्यांनी तपासायला आलेलं छापील पान माझ्यासमोर धरलं. छापखानेवाल्याने जे ऐकलं तेच इमानाने बसवलं होतं. गाण्याखाली ठळक अक्षरांत छापलेलं: कवयित्री – आमच्या आजेसासूबाई.

मी पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. पुस्तक त्याच दुपारी यंत्रावर चढणार होतं. "छापून गेलं की ऱ्हायलंच की रे मग," त्या म्हणाल्या. आम्ही तसेच निघालो.

छापखानेवाल्याने पेन उघडलं. "सांगा आजी, काय नाव?"

काकूंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडतोय तोच त्यांनी हात वर केला. "थांब बाबा. त्यांच्या घरची मीच उरलेय आता. मी घेते."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला, कानाची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "द्वारका." इतकं हळू, की त्याने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी असं खणखणीत घेतलं की यंत्रावरचा माणूसही वळून पाहू लागला. मला त्या क्षणी काकूंचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

परतताना रिक्षात त्या कानाची पाळी पुन्हा पुन्हा चोळत होत्या. नाव घेतल्याची रुखरुख लागली असेल, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "आजेसासरे त्यांना 'अगं' म्हणायचे. पोरं आई म्हणायची, आम्ही सुना बाई म्हणायचो. त्या घरात त्यांना नावानं हाक मारल्याली मी कधी ऐकली नाय. आज पयल्यांदा मारली, तर ओ द्यायला त्या नायत."