माग बंद असतानाची कविता

सोनवणे सरांच्या शोकसभेत मी त्यांची आवडती कविता इतक्या जोरात म्हटली, की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. माइक चालू होता. सभागृहात हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आमची बमरोलीची शाळा यंत्रमागांच्या कारखान्याला चिकटून, आणि आम्ही सगळी त्या मागांवर राबणाऱ्या खानदेशी माणसांची पोरं. सर मराठी शिकवायचे. मागांच्या खटखटीत खिडकीजवळच्या पोराला ओळ ऐकू आली नाही, तर वाचणाऱ्याने ती पुन्हा घ्यायची, हा त्यांचा नियम. मला कधीच पुन्हा घ्यावी लागली नाही, आणि याचा मला केवढा गर्व! पण कविता सर राखून ठेवायचे, ते मागांच्या सुट्टीच्या दिवसासाठी. त्या दिवशी खटखट थांबलेली असायची, पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू यायची, आणि सासरी निघालेल्या मुलीची ती कविता सर अशी वाचायचे, की शेवटच्या कडव्यात आवाज जवळजवळ उरायचाच नाही... तरी शब्दन्‌शब्द पोचायचा. एकदा त्यांनी मला उठवलं. मी नेहमीच्या दमात सुरू केलं. पुस्तकी मराठी बाजूला ठेवून सर थेट अहिराणीत म्हणाले, "आज माग बंद शेतस. कोनासंगे भांडी ऱ्हायना रे?" मी कोणाशी भांडतोय, या प्रश्नावर वर्ग हसला, मीही हसलो, पण ते शेवटचं कडवं एकदा तरी हळू वाचून सरांना ऐकवायचं, हे डोक्यात पक्कं बसलं.

पुढे मी पर्वत पाटियाला साड्यांच्या दुकानात लागलो. तिथेही गिऱ्हाइकांना हाका मारायला माझा गळाच कामाला आला. सर निवृत्त होऊन कडोदऱ्याला राहायला गेले. मी अधूनमधून जायचो, कविता वाचायचो आणि सर कानांवर हात ठेवून हसायचे. "भांडण मिटलं नाही वाटतं अजून," म्हणत खमणची बशी पुढे सरकवायचे. शेवटच्या भेटीत मात्र ते "पुढच्या वेळी जमेल," एवढंच म्हणाले... पुढची वेळ आली ती शोकसभेत. हळू म्हणायचं ठरवूनच उभा राहिलो होतो. पण दाटलेला गळा मोकळा करायला गेलो आणि तो नको तेवढा मोकळा झाला.

नंतरच्या रविवारी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्या दारात वालपापडीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "यांची ती कविता म्हण बरं," म्हणाल्या. मी सरांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. कसं कोण जाणे, आवाज आपणहून खाली आला. शेवटच्या कडव्याशी तो श्वासाएवढा झाला, तरी तुटला नाही. आज सरांनी कानांवर हात ठेवले नसते... दहावीच्या निकालानेही इतकं समाधान दिलं नव्हतं. डोळे मिटून मी तसाच बसून राहिलो.

"मनातल्या मनातच वाचायची होती," काकू शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "तर एवढं पेट्रोल जाळून आलास कशाला?"