अंदाजे चाळिशीचा इसम

आमच्या पनवेलच्या साप्ताहिकात माणसं कमी आणि इसमच फार. सायकल पळवणारा इसम, एसटीखाली सापडलेला इसम, विहिरीतून पोर वर काढणारा धाडसी इसम. ज्याचं नाव छापायला संपादक घाबरत, तो 'येथील एक वजनदार इसम'. बाईला हा मान नव्हता. ती एक तर विवाहिता, नाही तर वृद्धा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी तिथे प्रुफं तपासायची आणि या शब्दाची मनसोक्त टिंगल करायची.

छपाईचे खिळे जुळवणारे काका साठीचे होते. पुन्हा लागणारा मजकूर ते मोडत नसत, सुतळीने बांधून फळीवर ठेवत. दशक्रियेची चौकट, लग्नाचं आभारप्रदर्शन, आणि त्यांच्याच शेजारी 'अनोळखी इसमाचे प्रेत'. वय अंदाजे चाळीस, बांधा मध्यम, रंग सावळा, अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, उजव्या हाताची करंगळी अर्धी. हवालदाराच्या चिठ्ठीत जागेपलीकडे बहुतेक वेळा काही नसायचं. मग काका जागेचं नाव तेवढं बदलायचे. तोच इसम जासईला खाडीत मरायचा, महिन्याभराने शिरढोणजवळ हायवेवर.

"काका, याची करंगळी किती वेळा तुटणार?" मी एकदा विचारलं.

"बेवारस आहे तो, बाई. कोण वाचतंय?"

मी हसले आणि प्रूफ पुढे ढकललं. शुद्धलेखन चोख होतं.

पण त्यानंतर माझी नजर पुरुषांच्या हातांवर जायला लागली. एका दुपारी एसटी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे निळ्या चौकटीची पाठ उभी होती. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली. सुटे पैसे त्याने डाव्या हातानेच काढले, मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. मी ती गाडी सोडून दिली. वेडेपणा होता, मला कळत होतं, तरी अंगावरचा काटा घरी पोचेपर्यंत गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात चिरनेरकडची एक बाई कचेरीत आली. कपाळावर मोठं कुंकू, पदरात आमचे चार अंक.

"यो माजा मानूस," ती म्हणाली. "मिठागरावं करंगली तुटली त्याची. दोन वर्सां झाली, घरी नाय. गुरुजी पेपर वाचून दावतान."

चारही ठिकाणी ती जाऊन आली होती. प्रत्येक ठाण्यात तिच्यापुढे दुसऱ्याच कुणाचे कपडे टाकले होते.

"मंग तुमी त्यालाच का मारताव?"

आत काकांचा हात थांबला. मी जुन्या अंकांचं बाड काढलं आणि मागे मागे जात राहिले. पहिला इसम तिच्या चार अंकांत नव्हताच; तो दोन वर्षांपूर्वीच्या अंकात होता, पनवेलच्या खाडीकाठी. त्या आठवड्यात चिठ्ठीत वर्णन पूर्ण आलं असणार. शेवटची ओळ होती: वारस न मिळाल्याने प्रेताची विल्हेवाट लावण्यात आली. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"छपाईत चूक झाली आमची," मी म्हणाले. "या चारांत तुमचा माणूस नाही."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच त्याची इतकी लाज वाटते.

तिचा चेहरा उजळला. काकांनी त्याच दुपारी सुतळी सोडली आणि तो मजकूर मोडून खिळे आपापल्या खणात टाकले. मला वाटलं, आम्ही सुटलो.

पण मग ती दर गुरुवारी यायला लागली. ताजा अंक माझ्यापुढे धरायची आणि मी तिला त्या आठवड्याचा इसम वाचून दाखवायची. आता वर्णनं खरी असायची: कुणी टकला, कुणी मिशीवाला, कुणाच्या पायात एकच चप्पल. मी वाचताना ती डोळे मिटून घ्यायची. संपलं की हसायची, "नाय, यो नाय." कधी माझ्यासाठी पुडीतून जाडं मीठ आणायची. ते मीठ मी कधी स्वयंपाकात घातलं नाही.

असे सात-आठ महिने गेले. एका गुरुवारी संपूर्ण अंकात एकही प्रेत नव्हतं. मी तसं सांगितलं, तेव्हा तिने माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. जुन्या अंकांचं बाड माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. नुसतं वळून काढायचं होतं.

"तुमी वाचून सांगता," ती म्हणाली, "म्हनून मी अजून कुकू लावते."

मी वळले नाही.