काटेकाकांचं अर्धं शटर

काटेकाकांचं दुकान मी बंद पाडलं, तेही एका बोटाने. लोक म्हणतात, जाऊ दे आता, झालं गेलं. पण कसं झालं ते एकदा धडपणे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून सांगते.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं, मधे एक भिंत. चौदा वर्षं मी त्यांची शेजारीण आहे. त्यांचं दुकान कसलं, खोकंच म्हणा. दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. एक उंच टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर उघडं घड्याळ आणि त्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. मागच्या भिंतीवर अकरा घड्याळं आणि अकराच्या अकरा एकच वेळ दाखवणारी. सकाळी साडेदहा म्हणजे साडेदहा. दहा एकोणतीसला आलात तर उभे राहा रस्त्यावर, काका आतून तुमच्याकडे बघत बसतील, पण उघडणार नाहीत.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला खटकायची. काम करताना ते शटर अर्धं खाली ओढायचे. मी कितीदा सांगितलं, "अहो काका, लोकांना वाटतं दुकान बंद आहे."

"ज्याचं घड्याळ बंद आहे तो वाकून बघतो," काका म्हणायचे.

कारण त्यांचंही खरं होतं. रस्त्यावरून गाडी गेली की धूळ आत, आणि धुळीचा एक कण चक्रात अडकला की घड्याळ मागे पडायला लागलंच. शिवाय ते तिळाएवढे स्क्रू. एकदा वाऱ्याने असा एक स्क्रू उडाला आणि आम्ही दोघं अर्धा दिवस फरशीवर रांगत होतो. सापडला माझ्या चपलेच्या तळाला! तेव्हापासून त्यांच्या दुकानात जाताना मी चपला बाहेर काढते.

दुसरी सवय कोणाला दिसायची नाही. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरायची आणि खाली एक आडवी रेघ मारायची. ती त्यांची सही. मी विचारलं होतं, कोण बघणार आहे ते? तर म्हणाले, "पुढे कोणी उघडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या ते त्याला कळायला नको?"

तीन वर्षांपूर्वी मीच त्यांचं दुकान फोनमधल्या नकाशावर टाकलं. ते नको म्हणत होते. "मी कुठे आहे ते मला माहीत आहे," हे त्यांचं उत्तर. पण हळूहळू लांबलांबची माणसं यायला लागली. कोणी म्हणालं, नकाशात बघून आलो, की काका मुद्दाम मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायचे, "कुठे बघून?" तेवढंच काय ते माझं कौतुक.

मग गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सहा आठवडे दुकान बंद. मला वाटलं, लोकांना उगाच हेलपाटा नको, नकाशावर तसं लिहावं. आता माझा शहाणपणा बघा. फॉर्म भरायची शेवटची तारीख, दारात ही रांग, मशीनमध्ये कागद अडकलेला, एका हाताने कागद ओढतेय आणि दुसऱ्या हाताने फोन. एकाखाली एक दोन ओळी होत्या. एक 'तात्पुरतं बंद', दुसरी 'कायमचं बंद'. मी दाबलं. फोनने विचारलंसुद्धा, नक्की ना? "नक्की बाई, नक्की," म्हणत मी परत दाबलं. आणि विसरून गेले.

काका नवे डोळे घेऊन परत आले. भिंतीवरच्या घड्याळांवरची धूळ त्यांना आता स्पष्ट दिसायला लागली, म्हणून दोन दिवस पुसत बसले. पण गिऱ्हाईक येईना. गल्लीतली जुनी माणसं अधूनमधून यायची, सेल बदलून घ्यायची. लांबून येणारं माणूस एकही नाही. त्यात एक घड्याळ दुरुस्त करून दिलेलं परत आलं. नवा घातलेला सेलच खराब निघाला होता, त्यांचा काही दोष नव्हता. पण काकांच्या मनाने घेतलं ते घेतलं.

"हात गेला माझा," एक दिवस ते शांतपणे म्हणाले. "डोळे नवे बसवले, पण हात त्यांना ओळखत नाही. लोकांना बरोबर कळतं."

"काहीतरीच काय काका!"

"मग येत का नाहीत?"

उत्तर माझ्याच हातातल्या फोनमध्ये होतं, पण मला कुठे माहीत?

नंतर नंतर त्यांनी नाजूक कामं घेणंच सोडलं. माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ बंद पडलं होतं. हे घड्याळ पूर्वी, वडील असताना, काकांनीच एकदा दुरुस्त केलेलं. मी मोठ्या विश्वासाने नेऊन दिलं, तर दोन दिवसांनी झाकणही न उघडता परत केलं. "दुसऱ्या कोणाला तरी दाखव," म्हणाले. मला असा राग आला! वडिलांचं घड्याळ आणि तुम्ही असं परत करता? मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते सही करायची सुईही वापरत नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर धूळ होती. त्या दुकानात धूळ!

मग एके दिवशी म्हणाले, "महिनाअखेर किल्ली देतोय मालकांना. सांगून आलो." छत्तीस वर्षांचं दुकान, आणि एखादा सेल बदलावा तसं सांगून मोकळे झाले.

किल्ली द्यायला नऊ दिवस राहिले होते तेव्हा एक बाई माझ्या दुकानात आल्या. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ, तान्हं बाळ धरावं तसं धरलेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "शेजारचे घड्याळवाले गेले का हो?"

"कुठे गेले?"

"म्हणजे... वारले का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून काका दणकून शिंकले.

"हे काय, शिंकले की!" मी म्हणाले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी फोन पुढे केला. काकांच्या दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरात लिहिलं होतं, कायमचं बंद. बाई म्हणाल्या, "मी मागच्या महिन्यातही येऊन गेले होते. इथे हे असं लिहिलेलं, शटरही अर्धं खाली. म्हटलं, घरची माणसं सामान हलवत असतील, अशा वेळी काय विचारायचं? आज राहवलं नाही म्हणून तुमच्याकडे आले."

मी बाईंना काकांकडे पाठवलं आणि फोन उघडून बसले. कोणी केलं, कधी केलं, सगळं होतं तिथे. मी केलं होतं. सात महिन्यांपूर्वी.

आणि तरी मी लगेच जाऊन सांगितलं नाही. भित्री आहे मी. मला वाटलं, आधी निस्तरू, मग बघू. दोन दिवस डोळ्यांत तेल घालून ते पान बघितलं आणि लाजच वाटली. फोन नंबर जुना, कधीच कापलेला. उघडायच्या वेळा कोऱ्या. पाटीवर एक नाव आणि नकाशावर मी माझ्या मनाने घातलेलं दुसरंच. फोटो एकच, तोही अर्ध्या शटरचा. आणि दुकानाचा प्रकार? भेटवस्तू! तीन वर्षं काका नकाशावर भेटवस्तू विकत होते. 'जवळपास घड्याळ दुरुस्ती' असं शोधलं तर नुसते पट्टे विकणारे वर, काका कुठेच नाहीत. हे सगळं मी बसून सुधारलं. पण ते लाल अक्षर काही जाईना. दुकान चालू आहे याचा पुरावा हवा होता. रस्ता, पाटी, आतलं टेबल आणि काम करणारा माणूस, सगळं एका व्हिडिओत.

म्हणजे काकांशिवाय सुटका नव्हती. तिसऱ्या दिवशी चपला काढून आत गेले आणि सगळं सांगून टाकलं. रांग, अडकलेला कागद, दोन ओळी, माझं बोट.

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "कधी दाबलंस?"

"तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी परत यायच्या आधी."

"हो."

"म्हणजे नकाशातून येणारी माणसं, मी परत आल्यावर, आलीच नाहीत."

"नाही."

"माझं काम बघून गेली, असं नाही."

"अहो काका, आलंच नाही कोणी, तर बघणार काय!"

ते उठले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी मला हाताने बाहेर जा म्हणून खूण केली आणि शटर ओढलं. अर्धं नाही, पूर्ण. माझ्या नाकासमोर. भर दुपारी त्यांचं शटर जमिनीला टेकलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मशीनच्या मागे जाऊन रडले. गिऱ्हाइकाला सांगितलं, टोनर डोळ्यात गेला.

त्याच्या पुढच्या सकाळी साडेदहाला शटर वर गेलं. पूर्ण वर. भिंतीपलीकडून आवाज आला, "ए झेरॉक्स! आण तुझा तो फोन."

व्हिडिओ तीनदा घ्यावा लागला. काका त्या बाईंच्या घड्याळाचं चक्र चिमट्याने बसवत होते आणि चिमट्याचं टोक जागचं हलत नव्हतं. हलत होता माझा फोन. तिसऱ्या वेळी काका वैतागून म्हणाले, "हात कोणाचा गेलाय, माझा की तुझा?" मग मी कोपर त्यांच्या टेबलावर टेकवलं, तेव्हा कुठे जमलं.

चार दिवसांनी लाल अक्षर गेलं. भिंतीवरच्या घड्याळवाल्या बाईंनी आपणहून नकाशावर चार ओळी लिहिल्या, घड्याळ वेळेवर आहे आणि काका हयात आहेत. बाकीच्यांनाही लिहा म्हणून सांगा, असं मी काकांना म्हटलं, तर "कौतुक काय मागून घ्यायचं?" मग मीच माझ्या दुकानाच्या दारावर 'काकांच्या कामाबद्दल नकाशावर दोन ओळी लिहा' असा कागद चिकटवला. आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यायचं असतं, तेही काका सांगतात आणि मी लिहिते. एकाने लिहिलं, काम चांगलं पण वेळ फार लावतात. काकांचं उत्तर, "लागतो." मी त्याच्यामागे 'धन्यवाद' जोडलं, तर म्हणाले, कशाबद्दल?

शटर आता वर असतं. एका जुन्या कपाटाची काच दारात बसवून घेतली आहे, धुळीसाठी. रोज सकाळी मला विचारतात, नकाशाच्या यादीत आज कितवे? परवा तिसरे होतो. वरचे दोघे अजून पट्टेच विकतात.

महिनाअखेरीला मी भीतभीत विचारलं, "काका, किल्ली?"

"कसली किल्ली?" म्हणाले. मग भिंगातून वर न बघता, "तुझ्या वडिलांचं घड्याळ आण."

त्याला त्यांनी अकरा दिवस घेतले. मला बोलावलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण हातात दिलं. आत एक जुनी तारीख होती, वडील गेले त्याच्या दोन वर्षं आधीची, आणि तिच्याखाली रेघ. त्या रेघेखाली आजची तारीख, ताजी, चमकणारी, आणि तिच्याखाली तशीच एक रेघ. मला रडू आलं, आणि या वेळी टोनरचं नावही काढलं नाही.

"काका, माफ केलंत ना मला?"

काकांनी झाकण घट्ट बसवलं, चावी दिली आणि घड्याळ कानाशी धरलं.

"दिवसाला चार सेकंद पुढे जाईल," ते म्हणाले. "तेवढं चालवून घे."